एकाच नावाचे दोन रामचंद्र : गुहागर तालुक्यातल्या एका वंशावळीचं प्रकरण

या प्रकरणातली नावं बदलली आहेत. आडनाव आणि गाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहण्याची रीत मात्र होती तशी ठेवली आहे, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

पार्श्वभूमी

घराणं गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावचं. पाखाडी चढून गेलं की वरची आळी, आणि खाली समुद्राच्या अंगाला नारळी-पोफळीचं आगर. दोन्हीकडे याच आडनावाची घरं. दोन्ही घरं एकमेकांचं सुतक पाळतात, म्हणजे भाऊबंद आहेत यात शंका नाही. नातं नेमकं कितव्या पिढीत जुळतं, हे मात्र गावात कुणालाच सांगता येत नव्हतं.

सुमारे साठ वर्षांपूर्वी घराण्यातल्याच काही मंडळींनी एक वंशावळ छापली होती. झेरॉक्स नव्हतं तेव्हा, फोन बहुतेक घरांत नव्हते. पोस्टकार्डं पाठवून माहिती मागवायची आणि येईल ती जुळवायची, असं ते काम झालं होतं. त्या पुस्तिकेबद्दल माझ्या मनात आदर आहे. ती नसती तर पुढचं काही सुरूच करता आलं नसतं.

डोंबिवलीच्या सुमतीताई, निवृत्त शिक्षिका, या पुस्तिकेची पुरवणी करायला निघाल्या. जुन्या वंशावळीत मुलींची नावं नव्हती, सुनांची माहेरं नव्हती. ती घालायची आणि नव्या पिढ्या जोडायच्या, एवढाच त्यांचा बेत. मी मोडी वाचतो आणि अशा कामात मदत करतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. सुमतीताईंचे आजोबा गोविंद रामचंद्र. गावाहून मुंबईला गिरगावात आलेले. पुण्यातही याच घराण्याची एक शाखा आहे आणि त्यांच्या मूळपुरुषाचं नावही गोविंद रामचंद्रच. छापील वंशावळीत गोविंद रामचंद्र एकच होते. दोन्ही शाखा त्यांनाच आपले म्हणत होत्या, आणि दोघींनी सांगितलेली त्यांची मुलं मात्र निराळी होती.

अडचण

कोकणातल्या बऱ्याच घरांत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. आजोबा हयात असतील तर सहसा ठेवत नसत, गेल्यावर ठेवत. तीन भाऊ असतील तर तिघांच्याही घरी वडिलांच्या नावाचा एकेक मुलगा, म्हणजे एकाच नावाचे तीन चुलतभाऊ. त्यांची मुलं, नातवंडं पुन्हा त्याच चाकोरीत. रामचंद्र गोविंद, गोविंद रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गोविंद. दोन पिढ्या अशा गेल्या की स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही सारखी असलेली दोन माणसं एकाच गावात, एकाच काळात सापडतात.

सुमतीताईंच्या पणजोबांच्या बाबतीत हेच झालं होतं. छापील वंशावळीत रामचंद्र गोविंद या एकाच माणसाखाली मुलं होती ती १८५६ पासून १८८९ पर्यंत जन्मलेली. तेहेतीस वर्षांचं हे अंतर त्या काळात अशक्य नव्हतं. बायको गेली की दुसरं लग्न होत असे. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं: ‘प्रथम भार्या जानकी, द्वितीय भार्या जानकी.’

मी थांबलो तो या ओळीपाशी. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, आणि पुष्कळदा ते नवऱ्याच्या नावाला शोभेल असं ठेवायचं. विष्णूची लक्ष्मी, शंकराची पार्वती, रामचंद्राची जानकी किंवा सीता. म्हणजे एका रामचंद्राच्या दोन बायका जानकी असू शकतात, तशाच दोन रामचंद्रांच्या एकेक जानकीही असू शकतात. सासरचं नाव इथे काहीच सांगत नाही. वंशावळ करणाऱ्यांकडे दोन जानकींची माहिती आली असणार, नवरा एकच धरलेला असणार, म्हणून दुसरं लग्न गृहीत धरलं गेलं. विसंगती मिटली, पण त्या लग्नाचा एकही कागद कुणाजवळ नव्हता.

याच पुस्तिकेत आणखी एक रामचंद्र होते: रामचंद्र महादेव. मुलं लिहिलेली, पण जन्म, आई, भावंडं काही नाही. वंशावळीच्या कडेला एकटेच उभे केलेले.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग सोपा होता. छापलेलं प्रमाण मानायचं आणि फक्त पुढच्या पिढ्या जोडायच्या. घरातल्या काही जणांचं मत तेच होतं, आणि त्यात तथ्यही होतं: जुन्यांना जे माहीत होतं ते आपल्याला कुठून कळणार?

सुमतीताईंच्या भाच्याने डीएनए चाचणी सुचवली. दोन्ही शाखा एकाच पुरुषवंशातल्या आहेत हे सुतकावरून आधीच कळत होतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या चाचणीतून तेच पुन्हा कळलं असतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन भाऊबंदांपैकी नेमके कोण आपले, हे त्यातून ठरत नाही. हा मार्ग लवकरच सोडला.

तिसरा मार्ग जमिनीच्या कागदांचा. सातबारा, फेरफार, खोतीच्या काळातली दप्तरं. कोकणात १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तरी त्याआधीचे कागद घराघरांतून असतात, आणि जमीन माणसाला एका ठिकाणाशी बांधून ठेवते म्हणून ते फार मोलाचे. पण गावात आजच्या सातबाऱ्याचं नाव काढलं की वातावरण बदलतं. इथेही बदललं.

चौथा मार्ग वेळखाऊ. सगळी वंशावळ मोडायची, कागदातला प्रत्येक उल्लेख हा वेगळा माणूस आहे असं धरायचं आणि पुराव्याने जोडत जायचं. पंधरा कागदांत रामचंद्र असेल तर सुरुवातीला पंधरा रामचंद्र. आम्ही हा मार्ग घेतला. दोन माणसं एकदा एकत्र झाली की त्यांची मुलं, बायका, जमिनी, तिथ्या सगळं मिसळतं आणि पुढे कुठला धागा कुणाचा हे ओळखता येत नाही. वेगळी ठेवलेली माणसं पुढे केव्हाही जोडता येतात.

काय केलं

एक तक्ता केला. प्रत्येक उल्लेखाला एक ओळ. नाव, वडील, आजा, शके किंवा सन, घराचं ठिकाण, भार्या आणि तिचं माहेर, सोबत आलेली माणसं, आणि कागद कुणी लिहिला. शेवटचा रकाना मी आग्रहाने ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेलं आणि नातवाने ऐकून सांगितलेलं, यांचं वजन सारखं नसतं.

सर्वांत आधी दोन्ही शाखांना विचारलं ते श्राद्धतिथ्यांबद्दल. कागद जातात, वाळवी लागते, पण ज्या घरात श्राद्ध होतं त्या घरात तिथी टिकते. पुण्याच्या शाखेत पणजोबा रामचंद्रांची तिथी माघ शुद्ध द्वादशी. सुमतीताईंच्या माहेरी कार्तिक वद्य पंचमी. माणूस एकदाच जातो. तरीही एवढ्यावर निकाल दिला नाही. एखाद्या घरात दुसऱ्याच पूर्वजाची तिथी चिकटून राहिलेली असू शकते, मूळ तिथी माहीत नसेल तर श्राद्ध अमावास्येला होतं आणि मग तीच तिथी म्हणून सांगितली जाते. पण या दोन्ही तिथ्या नेमक्या होत्या. दोन रामचंद्र असावेत, हा संशय इथून पक्का झाला.

मग नाशिकचे तीर्थोपाध्ये. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या असतात. यात्रेकरू आला की त्याच्याकडून वडील, आजा, पणजा, भाऊ, मुलं, कधी आई आणि भार्या अशी नावं लिहून घेतात, पुष्कळदा त्याच्याच हातून. आपल्या गरजेला याहून चांगला कागद नाही, कारण त्यात माणूस एकटा येत नाही, त्याच्या मागेपुढे तीन-चार पिढ्या असतात.

दोन लेख मिळाले. एक शके १७९८, धाता संवत्सर, म्हणजे १८७६. रामचंद्र, पिता गोविंद, आजे रामचंद्र, पणजे गोविंद, भार्या जानकी, पुत्र गोविंद आणि हरि. दुसरा त्याहून जुना, मोडीतला. शकाचा शेवटचा अंक शाईच्या डागात गेलेला. १७७ एवढंच दिसत होतं. पण संवत्सराचं नाव स्वच्छ होतं: साधारण. साठ नावांचं हे चक्र असल्याने दहा वर्षांच्या टप्प्यात एक नाव एकदाच येऊ शकतं, आणि साधारण संवत्सर शके १७७२ चं, म्हणजे १८५० चं. या लेखात गोविंद. पिता विष्णु, आजे गोविंद. पुत्र विष्णु आणि रामचंद्र.

म्हणजे १८५० मध्ये एक रामचंद्र गोविंद असा होता की ज्याचा आजा विष्णु, आणि १८७६ मध्ये यात्रेला आलेल्या रामचंद्र गोविंदांचा आजा रामचंद्र. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आजा वेगळा. नुसत्या दोन नावांवर भरवसा ठेवला असता तर हे दोन लेख एकाच माणसाचे वाटले असते. दोन्ही लेखांत सगळ्यांत वरचा गोविंद एकच असावा असं दिसतं. तसं असेल तर हे दोन रामचंद्र चुलतभावांचे मुलगे.

एक गाठ उलट दिशेने सुटली. छापील वंशावळीत रामचंद्रांचा मृत्यू १८९३ चा होता, आणि तहसीलच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीत, गाव नमुना १४ मध्ये, रामचंद्र गोविंदांच्या मृत्यूची नोंद फेब्रुवारी १८९४ ची. भाच्याचं म्हणणं, हे बघा, दोन माणसं. पण पुण्याच्या घरातल्या जुन्या वहीत तिथी होती माघ शुद्ध द्वादशी, शके १८१५. शकात ७८ मिळवले की १८९३ येतात, पण ते वर्षाच्या पहिल्या भागापुरतं खरं. माघ-फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवावे लागतात. १८९३ आणि १८९४ हा एकच मृत्यू होता. दोन माणसं शोधायला निघालं की सगळीकडे दोन माणसं दिसायला लागतात, म्हणून ही नोंद मला विशेष महत्त्वाची वाटते.

पुढची वाट दाखवली ती गावातल्या काकींनी. नव्वदीच्या आहेत, वरच्या आळीत राहतात. कागदातलं नाव विचारलं तर त्या गप्प. घरातली नावं विचारल्यावर मात्र बोलू लागल्या.

“अगो, सासऱ्यांचं नाव तोंडात घ्यायचं नाही. मुलाला तेच नाव ठेवलेलं. मग आईनं हाक कशी मारायची? म्हणून कुणी बाबू, कुणी आबा, कुणी तात्या. आमच्या घरातले ते तात्या. आणि आगरातले आबा. आबा दत्तक गेलेले, महादेवआजोबांच्या घरी. सासूबाई सांगायच्या.”

टोपणनावं आम्ही तोवर तक्त्यात घेतली नव्हती, कारण कागदांत ती नसतात. पण ज्या घरात एकच नाव चार माणसांना आहे, त्या घराने त्यांना ओळखण्यासाठी टोपणनावच वापरलेलं असतं. तक्त्यात एक रकाना वाढला. सुमतीताईंना आठवलं की त्यांचे वडील आपल्या आजोबांना ‘आबा’ म्हणत. पुण्याच्या शाखेत ‘तात्या’.

आणि कडेला एकटे उभे असलेले रामचंद्र महादेव? मुंबई इलाख्यात त्या काळी लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या पुरुषालाही दत्तक घेता येत असे. १९५६ च्या कायद्यानंतर हे सहसा होत नाही, म्हणून आज आपल्या डोक्यात दत्तक म्हणजे लहान मूल. पण मोठेपणी दत्तक गेलेल्या माणसाचे आधीचे कागद एका बापाच्या नावाने आणि नंतरचे दुसऱ्या बापाच्या नावाने निघतात. दत्तक भाऊबंदांतच झालं असेल तर आडनाव, गोत्र, कुलदैवत काहीच बदलत नाही. म्हणजे आमच्यापुढे दोन गोष्टी एकदम होत्या: दोन माणसांचं एक नाव, आणि त्यांतल्याच एका माणसाची दोन नावं.

दत्तकपत्र मिळालं नाही. गावातल्या घराच्या माळ्यावर एक पेटी होती, तीत एक मोडी वाटणीपत्र निघालं. शके १७९४, अंगिरा संवत्सर, १८७२. विष्णु गोविंद आणि त्याचे भाऊ यांच्यातलं. त्यात बंधू रामचंद्र यांना गेल्या सालीं महादेव यांच्याकडे दत्तक दिलं असल्यामुळे त्यांना या वाटणीत हिस्सा नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. काकींनी सासूकडून ऐकलेलं आणि कागदावरचं जुळलं.

मग बाकीचं हलू लागलं. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आगरातल्या गोविंद रामचंद्राचा जन्म १८६८ चा, म्हणजे दत्तकाच्या आधीचा. त्याच्या पाठच्या भावाचं नाव महादेव, जन्म नंतरचा. आधीच्या मुलाला जन्मदात्या आजाचं नाव, नंतरच्याला दत्तक आजाचं. नावं ठेवण्याच्या ज्या रीतीने गुंता केला होता तीच इथे साक्षीला उभी राहिली. दोन जानकींची माहेरंही वेगळी निघाली: एकीचं केळशीकडचं, दुसरीचं देवरुखकडचं. दुसरं लग्न झालंच नव्हतं.

निर्णय जिथे अडले

जमिनीच्या कागदांवरून गावातल्या एका चुलतभावाने सुमतीताईंना सरळ विचारलं, “ताई, तुम्ही वंशावळ करताय की वाटणी मागताय?” प्रश्न रास्त होता. कोकणात एका घरावर, एका भाटल्यावर, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर, डझनावारी नावं चढलेली असतात आणि मुंबईहून कुणी जुने कागद मागू लागलं की पोटात गोळा येतो. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. चालू सातबाऱ्याला हात लावायचा नाही. आणि पेटीतल्या कुठल्याही कागदाची प्रत घरच्यांच्या समोर, त्यांच्या परवानगीने काढायची, मूळ कागद घराबाहेर न्यायचा नाही, वाचलेला मजकूर आधी त्यांना द्यायचा. यामुळे काही जुने फेरफार बघायचे राहिले. पण पेटी उघडली गेली ती या शब्दामुळेच, असं मला वाटतं.

दुसरा निर्णय जास्त जड होता. सुमतीताईंचं घर पिढ्यान्‌पिढ्या वरच्या आळीतल्या घराला आपलं मूळ घर मानत आलेलं. गणपतीला तिथेच जायचं, तिथल्या माजघरातल्या फोटोला नमस्कार करायचा. पुरावा सांगत होता की ते तात्यांचं घर, आणि सुमतीताई आबांच्या. आबांचं आगरातलं घर आता उभं नाही. हे आधी कुणाला सांगायचं? पुरवणी छापून झाल्यावर पुस्तकातून कळू द्यायचं, की आधी? मी सुचवलं, दोन्ही शाखांना एकत्र बसवून, कागद समोर ठेवून सांगू. सुमतीताईंनी आधी एकटीने गावी जाऊन वरच्या आळीतल्यांना सांगायचं ठरवलं. त्यांचं बरोबर होतं. पाहुणा म्हणून जात होतो की घरचे म्हणून, हा प्रश्न मोडी वाचणाऱ्याने सोडवायचा नव्हता. काकींनी त्यांना सांगितलं, गणपती सगळ्यांचा एकच आहे, नातं चुलत निघालं म्हणून कुणी बाहेरचं होत नाही.

निष्पत्ती

पुरवणीत आता दोन रामचंद्र आहेत. वरच्या आळीतले, टोपणनाव तात्या, आजा रामचंद्र, मृत्यू १८९४. आणि आगरातले, टोपणनाव आबा, आजा विष्णु, दत्तकानंतर रामचंद्र महादेव. दोघांचा मुलगा गोविंद. जुन्या यादीत त्यांतला एक गळला होता, बहुधा चुकून दोनदा लिहिला गेला असं समजून. पुण्याची आणि डोंबिवलीची शाखा आता आपापल्या गोविंदाखाली आहे. आबांना जन्मदात्या वडिलांशी सलग रेघेने आणि दत्तक वडिलांशी तुटक रेघेने जोडलं आहे. प्रत्येक जोडाखाली आधार लिहिला आहे: वहीतला लेख, नोंद, वाटणीपत्र, की ऐकीव. ऐकीव माहिती टाकून दिली नाही. ती ऐकीव आहे एवढं लिहिलं.

वेगळं काय करता येईल

असं प्रकरण पुन्हा आलं तर कामाचा क्रम बदलावा असं वाटतं. कागदांच्या आधी घरातल्या वृद्ध स्त्रियांना भेटावं, आणि त्यांना नावं न विचारता हाका विचाराव्यात: कोण कुणाला काय म्हणायचं, कोण कुठल्या घरात राहायचं, कुणाच्या श्राद्धाला कुठली भाजी व्हायची. दत्तकाचा धागा काकींकडे पहिल्यापासून होता. तो आधी हाती लागला असता तर नाशिकच्या वह्यांत महादेवांचं नावही त्याच वेळी शोधता आलं असतं.

माहेरकडच्या वंशावळीही लवकर बघाव्यात. केळशीकडच्या घराण्याच्या कागदांत आपली मुलगी कुठल्या गावी, कुणाच्या घरी दिली याची नोंद असेल तर ती तिसऱ्याच बाजूने आलेली साक्ष ठरते, आणि तिला आपल्या घरातल्या नावांच्या सारखेपणाची बाधा होत नाही.

एक जोड आम्ही मोकळा ठेवला आहे. दत्तक घेणारे महादेव भाऊबंदांत नेमके कुठे बसतात, ते कळलेलं नाही. वाटणीपत्रात त्यांच्या वडिलांचं नाव असलेला कोपरा वाळवीने खाल्ला आहे. घरातल्या अनेकांना वाटतं की तेही सगळ्यांत वरच्या गोविंदाचेच नातू असावेत, आणि तसं असणं शक्यही आहे. पण पुरवणीत त्यांच्या वर रेघ नाही. तिथे एवढंच लिहिलं आहे: ‘महादेव, पिता अज्ञात. त्र्यंबकेश्वर आणि गोकर्ण येथील वह्या याच गावाच्या नावाखाली पाहाव्यात. शके १७६० ते १७९५ मधला लेख मिळाल्यास आजाच्या नावावरून जोडता येईल.’ पुण्याच्या शाखेतली एक पुतणी गोकर्णला जाणार आहे. तिने तक्त्याची प्रत मागून घेतली आहे.